मधले वार

डोंगर दिसला की महादेवच्या मनात पहिला विचार यायचा तो ब्रासचा. ह्यातून किती ब्रास खडी निघेल, किती ब्रास मुरूम, गाडी वर न्यायला रस्ता कुठून काढावा लागेल. उलव्याकडची बापजाद्यांची शेती विमानतळात गेली, तेव्हा गावातले बरेच जण कपाळाला हात लावून बसले. महादेवने दोन डंपर घेतले आणि भरावाची कामं धरली. खाडीकाठच्या खाजणात माती टाकायची, वर खडी टाकायची, रोलर फिरवायचा. दोनाचे अकरा डंपर झाले. पनवेलच्या वेशीवर तीन मजली बंगला उठला, बंगल्यात लिफ्ट बसली. लोक त्याला महादेवशेठ म्हणू लागले.

ह्या सगळ्यात त्याची बायको मालू काय करत होती, असं कोणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. ती घरात होती. सकाळी चहा यायचा, दुपारी डबा यायचा, आधी शेतावर, मग साइटवर. तीस वर्षं असंच चाललं. मग एका वर्षी गणपतीनंतर मालूच्या पायांवर सूज आली ती उतरेना. तोंडाची चव गेली, आणि देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंत जाताना ती मधेच खुर्ची ओढून बसू लागली. तपासण्या झाल्या. दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. बीपी कित्येक वर्षं वाढलेलं असणार, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण कुणी कधी मोजलंच नव्हतं.

दीपेशने, त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, लगेच शर्टाची बाही वर केली. "माझी घ्या." पण रक्तगट जुळला नाही. महादेवचाही नाही. मालूच्या भावाला, काशीरामला, साखर होती. मग किडनी मिळण्यासाठी मालूचं नाव एका यादीत लागलं. यादी लांब होती. तोवर सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास डायलिसिस.

पहिले काही महिने ड्रायव्हरच तिला न्यायचा-आणायचा. एका बुधवारी ड्रायव्हर रजेवर गेला म्हणून महादेव स्वतः गेला. त्या लांबलचक थंडगार हॉलमध्ये बारा यंत्रं ओळीने लावलेली होती आणि बारा माणसं पांघरुणं घेऊन पडलेली होती. मालूच्या डाव्या हातातून दोन नळ्या निघाल्या होत्या. ती वर बघत होती.

"काय बगतेस?" त्याने विचारलं.

"टूबलाइट."

"चार तास?"

"मंग काय बगू? हितं खिडकी कुठं हाय?"

ती हे तक्रार म्हणून बोलली नव्हती. पण महादेव तिथून उठून बाहेर गेला आणि जिन्यात बराच वेळ उभा राहिला. सात महिने ही बाई आठवड्याचे बारा तास ट्यूबलाइट बघत होती आणि ते आपल्याला आज कळलं.

परत येताना हायवेवर गाड्या तुंबल्या होत्या. दोन टॉवरांच्या फटीतून लांबवर प्रबळगड दिसत होता, सपाट माथ्याचा, आणि त्याच्या बाजूला कलावंतिणीचा सुळका. मालूने काच खाली केली.

"तो बगा, परबल," ती म्हणाली. "आमच्या दारातून रोज दिसायचा. मी न् आये सरपनाला वर जायचो. माचीवर. मी सा-सात वर्साची असेन. वरती ठाकरांच्या पोरी असायच्या, त्यांच्या संगं मी करवंदं खात बसायची न् आये मोळी बांधायची. लगीन झाला न् मंग नाय गेली."

"कदीच नाय?"

"कोन नेनार?"

पुढची गाडी हलली. महादेवने गियर टाकला. बंगला आला. गाडीतून उतरताना मालू सहज म्हणावं तसं म्हणाली, "मना येकदा न्याल काय वरती?"

डॉक्टरीणबाईंना त्याने पुढच्या शुक्रवारी विचारलं. तो 'नाही' ऐकायच्या तयारीने गेला होता. त्या वयाने दीपेशएवढ्याच होत्या. त्यांनी मालूचे कागद उलटसुलट पाहिले आणि म्हणाल्या, "एकदम डोंगर नको. पण चालवा ना त्यांना. डायलिसिसच्या दिवशी नाही, मधल्या दिवशी. दम लागला की थांबायचं. डाव्या हातावर ओझं नाही. आणि पाण्याचं माप मोडायचं नाही."

पाण्याचं माप म्हणजे एक लिटरची बाटली. सकाळी ती भरायची, आणि दिवसभरात चहा, आमटी, गोळ्यांसोबतचा घोट, जे काही पोटात जाईल ते त्यातूनच. मालू ती बाटली उशाशी ठेवून पुरवून पुरवून वापरायची.

पहिल्या मंगळवारी ती दोघं गाढी नदीच्या काठाने शंभर-दीडशे पावलं चालली. नदीला वास येत होता, काठाला प्लास्टिक अडकलं होतं. तरी एक खंड्या तारेवरून पाण्यात सूर मारत होता, तो मालूने अर्धा तास बघितला. गुरुवारी तिथेच. नंतर कर्नाळ्याच्या रानात, किल्ल्याच्या चढाला न भिडता, खालच्या सावलीतल्या वाटेने. महादेवचा फोन सारखा वाजायचा. ड्रायव्हर, खाणवाला, इंजिनिअर. एकदा मालू एका झाडाखाली थांबून त्याला काहीतरी दाखवायला वळली, तर तो वीस पावलं मागे, पाठमोरा, फोनवर कुणाला तरी शिव्या देत उभा. त्याने फोन ठेवला तेव्हा ती चालायला लागली होती.

"काय दाखवत व्हतीस?"

"उडाला तो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी महादेवने डंपरांचं सगळं काम दीपेशच्या गळ्यात घातलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, रविवार फोन बंद. दीपेश आधीच त्याच्या बांधकामाच्या कामात बुडालेला. तो चिडला.

"पप्पा, तुम्ही सिरीयस आहात का? आईला घरात एसी आहे, बाई आहे, सगळं आहे. तुम्ही तिला जंगलात फिरवता. उद्या इन्फेक्शन झालं तर? लोक मला विचारतील, काय रे, आईला सांभाळता येत नाय काय?"

"तिला इचार," महादेव म्हणाला.

दीपेशने आईकडे पाहिलं. मालू भाकरीचं पीठ मळत होती, उजव्या हाताने. "मना बरा वाटतं रे," एवढंच ती म्हणाली. सून भाविकाने दुसऱ्या दिवशी सासूसाठी चांगल्या पकडीचे बूट आणले. मालूने जन्मात बूट घातले नव्हते. तिने ते घालून लिफ्ट सोडून जिन्याने वर-खाली करून पाहिलं.

काशीरामचं शेत शेडुंग फाट्याच्या आत, डोंगराच्या पायथ्याला. शेतात पत्र्याची एक खोली होती. भाताच्या दिवसांत राखणीला कामी यायची, एरवी रिकामी. शुक्रवारचं डायलिसिस झालं की महादेव मालूला थेट तिथे न्यायला लागला. रविवारी संध्याकाळी परत बंगल्यावर. खोलीत एक खाट, दोन टोप, एक तवा, बाहेर तीन दगडांची चूल. पहिल्या दिवशी महादेवला चूल पेटवता येईना. फुंकून फुंकून डोळे लाल झाले. मालू खाटेवर बसून हसत होती. तीस वर्षांत ती एवढं हसलेली त्याला आठवत नव्हतं.

तो भाकरी थापायला शिकला. पहिल्या भाकऱ्या काशीरामच्या गाईने खाल्ल्या. भाज्या दोनदा उकळून पाणी फेकायला शिकला, कारण किडनीमुळे मालूला तशाच चालायच्या. मालूच्या जेवणात मीठ नव्हतं म्हणून त्यानेही मीठ सोडलं. मालू म्हणाली, "तुमी कशाला?" तो म्हणाला, "दोन वेगवेगळ्या भाज्या कोन करत बसंल?" सकाळी दोघं बांधावरून चालत जायची, मग पायवाटेने जरा वर. ती त्याला झाडं सांगायची. हा ऐन, हा कुडा, हा पळस. त्याने आयुष्यात हजारो झाडं उपटून बाजूला केली होती. त्यातलं एकही त्याला नावाने ठाऊक नव्हतं.

एकदा वाटेत बसली असताना तो समोरच्या टेकडीकडे डोळे बारीक करून बघत होता. मालूने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मोजू नका," ती म्हणाली.

तो ओशाळला. खरोखरच तो मोजत होता.

दिवाळीनंतर त्यांनी माचीची वाट धरली. पायथ्याच्या ठाकूरवाडीपासून वर माचीपर्यंत धडधाकट माणसाला दीड-दोन तास लागतात. पहिल्या वेळी मालू पाऊण तास चढली आणि तिचे ओठ पांढरे पडले. दोघं खाली आली. दुसऱ्या वेळी कातळात कोरलेल्या गणपती-मारुतीपर्यंत पोचली. तिथे शेंदूर लावलेल्या दगडाला टेकून ती बसली. तिचा छातीचा पिंजरा भात्यासारखा हलत होता. पनवेलहून आलेली कॉलेजची पोरं बाजूने गाणी वाजवत वर गेली, एक मुलगी थांबून म्हणाली, "काकी, पाणी देऊ?" मालूने मान हलवली. पाणी समोर असताना नको म्हणणं किती अवघड असतं, ते महादेवने त्या दिवशी तिच्या घशाच्या हालचालीत पाहिलं.

"पुढल्या खेपंला," ती म्हणाली.

पुढची खेप डिसेंबरात, एका शनिवारी. उजाडताच निघाली. दहा पावलं चालायची, थांबायचं. दहा पावलं, थांबायचं. अवघड दगडांच्या पायऱ्यांवर तो पुढे जाऊन तिचा उजवा हात धरायचा आणि ओढायचा. तो स्वतःही साठीला टेकलेला, पोट सुटलेला. त्याचेही गुडघे बोलत होते. ऊन चढलं, पण हवा गार होती. कुठेतरी कर्रर्र करत धनेश उडाला, पंखांचा आवाज अगदी डोक्यावरून गेला, आणि मालू वर बघत तशीच उभी राहिली. साडेपाच तासांनी माचीची पहिली झोपडी दिसली.

मालूने सकाळचा चहा घेतला नव्हता. वाटेत गोळ्याही घोटभर पाण्यातच गिळल्या होत्या. त्यामुळे बाटली अजून निम्मी शिल्लक होती. झोपडीपुढच्या अंगणात बसून तिने ते अर्धा लिटर पाणी एका दमात, गटागटा, मान वर करून प्यायलं. डायलिसिस सुरू झाल्यापासून ती अशी प्यायली नव्हती. पाणी हनुवटीवरून ओघळलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि डोळे मिटून घेतले.

"आता भागली तहान," ती म्हणाली.

झोपडी गुणाबाई नावाच्या ठाकर बाईची होती. वर येणाऱ्या पोरांना ती जेवण आणि झोपायला चटया द्यायची. मालूच्याच वयाची. मालू तिला सांगू लागली, मी लहानपणी यायची, आयेसोबत, शेडुंगकडून, तुझ्यासारख्या पोरी होत्या, एकीच्या कानात शिंपल्याची कुडी होती. ती तूच का? गुणाबाईने तिच्याकडे नीट पाहिलं.

"लय पोरी येयच्या गं," ती म्हणाली. "नाय आठवत."

महादेवला वाटलं, मालू हिरमुसेल. पण मालू खो खो हसत सुटली, गुणाबाईही हसली, आणि मग दोघी चुलीपाशी बसून पोरंबाळं, नवरे, गुडघेदुखी अशा गप्पा मारत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं माचीच्या कडेला जाऊन बसली. खाली धुकं विरत होतं. आधी नदी दिसली, मग पनवेलचे टॉवर, मग पार खाडीच्या अंगाला विमानतळाची लांबच लांब करडी पट्टी. त्या पट्टीखाली कुठेतरी महादेवच्या बापाची भातशेती होती. तिच्यावर टाकलेल्या मातीतली किती माती त्याने स्वतः टाकली होती, ते त्याला माहीत होतं.  मालू बोलली.

"अवो, येक सांगू? मना शेवटाला त्या काचंच्या खोलीत ठेवू नका."

"कसला शेवट?"

"आयका. मशिनी लावून ठेवतात, नाकातोंडात नळ्या घालतात, तसा करू नका. तशी येळ आली तर मना काशीरामच्या शेतात न्या. खाटेवर ठेवा, भायेर. डोंगर दिसला म्हंजे झाला. द्या वचन."

तो पट्टीकडे बघत राहिला.

"द्या ना."

"दिला," तो म्हणाला.

तिने त्याचा हात घेतला आणि आपल्या डाव्या दंडावर ठेवला, जिथे डायलिसिससाठी शीर जोडलेली होती. तिथे कातडीखाली रक्त झर्रझर्र वाहताना बोटांना कळायचं. इतक्या महिन्यांत त्याने तिथे कधी हात लावला नव्हता. त्याला भीती वाटायची. त्या सकाळी त्याने हात काढला नाही.

पुढचे दोन महिने महादेव आयुष्यात कधी नव्हता इतका सुखी होता, आणि हे त्याला त्या वेळीच कळत होतं. शेतातल्या खोलीत तो तिच्या आधी उठायचा, चूल पेटवायचा, आणि ती उठायची वाट बघत दारात बसायचा. बाजारातली मंडळी म्हणायची, महादेवशेठला येड लागलं, बंगला सोडून पत्र्याखाली राहतो. ते त्याच्या कानावर यायचं. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. वाटायचं ते एवढंच की हे तीस वर्षांपूर्वी का केलं नाही. डोंगर तेव्हाही तिथेच होता, आणि मालू घरातच होती.

फेब्रुवारीत एका बुधवारी डायलिसिस चालू असताना मालूला थंडी वाजून ताप भरला. जंतू रक्तात गेले होते. असं होतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. डोंगराशी त्याचा संबंध नाही, घरात बसलेल्यांनाही होतं. शुक्रवारी तिला अतिदक्षता विभागात हलवलं. शनिवारी सकाळी श्वास लागला. एका तरुण डॉक्टरने कागद पुढे केला. व्हेंटिलेटर लावायचा तर आत्ता, वेळ नाही. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, वाचतील असं सांगू शकत नाही, पण संधी आहे.

महादेवच्या बाजूला दीपेश उभा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो म्हणाला, "करा. सगळं करा." आणि मग बापाकडे पाहिलं. सही बापाची लागणार होती.

महादेवला वचन आठवत होतं. शब्द न् शब्द आठवत होता. पण काचेपलीकडे मालू हवेसाठी तोंड उघडत होती, आणि 'संधी' हा शब्द त्याच्या कानात अडकला होता. तिला ह्या अवस्थेत खाटेवर घालून शेतात न्यायचं, आणि समोर बसून बघायचं, हे त्याच्याने होणार नव्हतं. त्याने सही केली. कागद डॉक्टरच्या हातात परत दिला.

चौथ्या दिवशी ती थोडी शुद्धीवर आली. तोंडात नळी, हात पट्ट्यांनी बांधलेले. महादेवला पाच मिनिटं आत सोडलं. तिने डोळे उघडले, त्याला ओळखलं. मग तिची नजर सावकाश त्याच्यावरून निघून वर गेली. वर पांढरं छत होतं आणि दिवा होता. नजर परत त्याच्याकडे आली. ती रागाने बघत असती तर त्याला सोसलं असतं. ती नुसती बघत होती, काही विचारावं तशी.

"उद्या जाऊ हां," महादेव म्हणाला. "उद्या नेतो तुला."

तिने डोळे मिटले. त्यानंतर ती पुन्हा पुरती जागी झाली नाही. त्यानंतरही सात दिवस यंत्र तिची छाती वर-खाली करत राहिलं. अकराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ते थांबलं.

सगळे विधी झाले. जासईपासून बेलपाड्यापर्यंतचे सोयरे येऊन गेले, बंगल्याच्या पुढ्यात मांडव पडला आणि निघाला. महादेव तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत राहिला. सोमवारी पहाटे पाचला त्याला आपोआप जाग यायची, तो अंघोळ करून खाली यायचा, गाडीची किल्ली हातात घ्यायचा, आणि मग भाविका जिन्यात येऊन हळूच म्हणायची, "पप्पा, चहा ठेवते." दीपेश साइटवरून उशिरा यायचा. बाप-लेकात जेवणापुरतं बोलणं व्हायचं. महादेवला वाटायचं, आपण काय केलं ते ह्याला कळलं तर हा आपलं तोंड बघणार नाही. दीपेशच्या मनात काय होतं ते त्याला कळत नव्हतं.

महिन्याभराने तो दोन जोड कपडे घेऊन काशीरामच्या शेतात आला तो आलाच.  काशीरामने खोलीपुढचा कचरा झाडून दिला आणि म्हणाला, "तुझीच हाय ती."

तिथे त्याला सुख मिळालं, असं म्हणता येणार नाही. पहिले कित्येक दिवस तो चूलसुद्धा पेटवत नव्हता. काशीरामची बायको डबा आणून ठेवायची. पण दिवस मोठा असतो आणि बंगल्यात तो भिंतीकडे बघत काढता येतो, शेतात येत नाही. गाय दावं तोडते, वानरं वाल खायला येतात, कुणीतरी बांध फोडतं. तो उठायला लागला. मग चालायला लागला. आधी बांधापर्यंत, मग पायवाटेने, मग एका सकाळी कातळातल्या गणपती-मारुतीपर्यंत. त्या दिवशी परत येताना एका पळसाला इतकी फुलं आलेली दिसली की त्याच्या तोंडून "वा!" निघालं. आणि लगेच त्याला लाज वाटली. ती गेल्यावर दोन महिने झाले नाहीत आणि आपण फुलं बघून खूश होतो. तो तिथेच खाली बसला आणि मोठ्याने रडला. वाटेवर कुणी नव्हतं. रडून झाल्यावर पळस होता तसाच लाल होता. मग त्याने तो नीट, हवा तेवढा वेळ, बघितला.

असेच चालले दिवस. आनंद यायचा तो असा, टोचत यायचा.

पावसाळा गेला, भात कापून झाला. नोव्हेंबरात एका मंगळवारी सकाळी शेताच्या तोंडाशी गाडी थांबली आणि दीपेश उतरला. एकटाच. इस्त्रीचा शर्ट, साइटवरचे बूट. त्याची दाढी वाढली होती.

"बस," महादेव म्हणाला. "चहा टाकतो."

"नको. चालायला जाता ना तुम्ही? मी येतो."

दोघं निघाले. दीपेश तिशीतला, पण शंभर पावलांत त्याला धाप लागली. महादेव थांबत थांबत चालला. वाटेत बोलणं झालं ते आभाच्या, दीपेशच्या मुलीच्या, शाळेबद्दल. अर्ध्या चढावर एक सपाट दगड होता. दीपेश त्याच्यावर बसला, बूट काढला. टाचेला फोड आला होता. तो फोडाकडे बघत राहिला.

आत्ताच, महादेवला वाटलं. आत्ता नाही सांगितलं तर कधीच नाही.

"दीपेश, येक सांगायचा हाय तुला. तुझ्या आयेनं माज्याकडनं वचन घेतला व्हता. माचीवर. मना मशिनीवर ठेवू नका, बोलली. शेतात न्या, बोलली. मी हो बोललो. न् मंग सही केली. तुला सांगितला नाय. तू करा बोललास, पन तुला म्हाईतच नव्हता. माज्या हातनं झाला ते."

दीपेश वर बघेना. बुटाची लेस बोटाला गुंडाळत होता, सोडवत होता.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

महादेवला आधी नीट ऐकूच आलं नाही.

"आईने मला पण सांगितलं होतं, पप्पा. जानेवारीत. किचनमध्ये. म्हणाली, तुझे पप्पा हळवे आहेत, त्यांच्याने होणार नाही. तू घट्ट हो. माझ्याकडून शपथ घेतली, आभाची." त्याने लेस सोडून दिली. "आणि मी काय म्हटलं तिथे? सगळं करा. मला वाटलं, तुम्हाला माहीत नाही. तुम्ही सही केली तेव्हा मला बरं वाटलं, पप्पा. म्हटलं, निर्णय मी नाही घेतला. नऊ महिने तुमच्या तोंडाकडे बघता आलं नाही मला."

खाली ठाकूरवाडीत कुणीतरी लाकूड तोडत होतं. घाव आधी दिसायचा, आवाज मागून यायचा. महादेवला मालू दिसत होती, आधी त्याच्याकडे, मग मुलाकडे, दोघांकडे जाऊन तेच मागणारी. ती दोघांनाही ओळखून होती. एक ढिला पडला तर दुसरा धरेल, असा तिचा अंदाज. आणि हे दोघं बाप-लेक, एकमेकांच्या बाजूला उभे राहून, आपापलं तोंड मिटून बसले.

"आपन तिला दोगांनी मिळून फसवला," महादेव म्हणाला.

"हो."

"भ्यालो."

"हो, पप्पा."

त्याने लेकाच्या पाठीवर हात ठेवला. दीपेश लहानपणी रडायचा तसा, खांदे गदगदून, रडला. महादेवच्या डोळ्यांना पाणी आलं नाही. त्याला हलकंही वाटलं नाही. जे झालं ते दोघांत वाटून घेतल्याने अर्धं होत नव्हतं. दोघांकडेही ते अख्खंच राहणार होतं. एवढंच की आता ते एकट्याने लपवायचं नव्हतं.

बऱ्याच वेळाने दीपेशने बूट चढवायला घेतला आणि कळवळला. महादेवने बाजूच्या झुडपाची दोन रुंद पानं तोडली, दुमडली, त्याच्या टाचेमागे बुटात बसवली.

"आज हितनंच परत फिरू," तो म्हणाला. "खाली सावकाश उतर. उताराला पाय आडवा टाकायचा, असा."

दीपेश बापाकडे बघून पाय आडवा टाकत उतरू लागला.

त्यानंतर तो कधीमधी येतो. दर मंगळवारी नाही. काम असलं की येत नाही. एकदा भाविका आणि आभाही आल्या होत्या, आणि आभा कातळावरून घसरून गुडघा फोडून घेऊन हसत होती. माचीपर्यंत अजून त्यातलं कुणी गेलेलं नाही. महादेव जातो, महिन्यातून एखाद वेळा. गुणाबाई त्याला ओळखते, पण मालूबद्दल तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. तो कडेला जाऊन बसतो. सकाळ स्वच्छ असली तर आता विमानं उडताना दिसतात. एक पट्टीवरून सुटतं, चमकतं, वर येतं, डोंगराच्या अंगावरून वळून निघून जातं. ते दिसेनासं होईपर्यंत तो बघतो, आणि मग उतरायला लागतो, कारण गाईला पाणी पाजायचं असतं.